चार आणे धरा

मी, नाथाजी रामचंद्र खोत, वय ७२ वर्षे, निवृत्त हवालदार, राहणार गोडोली, सातारा, मूळ गाव मौजे आंबेखोरी, तालुका शिराळा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. डाव्या कानाने थोडे कमी ऐकू येते, पण त्याचा या कामाशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही किंवा गोड बोलून वळवलेले नाही. या घरात गोड बोलणारे माणूस एकच होते, माझी पत्नी अंजना. ती गेल्या फाल्गुनात वारली.

वकील ॲड. प्रांजल माने यांनी मला दीड पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात चूक काही नव्हती. कोणाला काय मिळणार ते त्यात होते, का मिळणार ते नव्हते. माझ्यामागे काही वाद झालाच तर तो या 'का' वरून होईल, म्हणून मी मसुदा परत नेऊन दिला आणि स्वतः लिहायला बसलो. त्यांनी पाने चाळली आणि म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात इतकं बोलायचं नसतं." मी म्हणालो की इतर कुठे मी बोललेलो नाही.

१. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही कबूल केलेले नाही. माझ्या पत्नीने मात्र अनेकांना अनेक गोष्टी तोंडी कबूल केल्या होत्या. माझ्या दुधवाल्याला वाटते की मोटारसायकल त्याची आहे. ती त्याची नाही.

२. मुख्य प्रश्न गोडोलीच्या घराचा आहे. आम्हाला मूलबाळ नाही. माझा धाकटा भाऊ कै. बाळासो याचा मुलगा चि. वीरधवल हा माझा जवळचा वारस, आणि घर त्याच्याकडे जाईल असे सर्वजण धरून चालले आहेत. अंजनाचे म्हणणे वेगळे होते. ती म्हणायची, घर सृष्टीचे. सृष्टी मल्हार गडदे ही आमच्याकडे भाड्याने राहिलेली मुलगी. रक्ताचे नाते नाही, जात वेगळी, गाव वेगळे. आता अंजनाच्या या म्हणण्याला किती किंमत द्यायची हे मला ठरवायचे आहे. ते मी ठरवले आहे आणि शेवटच्या कलमात लिहिले आहे. ज्यांना घाई आहे त्यांनीही मधली कलमे वाचून मगच तिकडे जावे.

३. अंजनाचे बोलणे ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. तिचे माहेर माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडे. तिच्या बोलण्यात लहान वस्तू नव्हती. चहा निवला की त्याचा बर्फ व्हायचा. ठेच लागली की पाय तुटायचा. मी एक हाक ऐकली नाही की शंभर हाका मारून तिचे नरडे फाटलेले असायचे. दोन पाहुणे आले की "घरात पाय ठेवाय जागा न्हाई," आणि ते उठून निघाले की "आवं, आत्ता तर आला, टेकलाबी न्हाई." लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तिने शिराळ्याची जत्रा पाहिली आणि माहेरी जाऊन सांगितले की तिकडचे नाग देवळाच्या खांबाएवढे असतात. तिचे वडील पुढे आमच्या गावी आले ते प्रत्येक पाऊल बघून टाकत होते.

हे खोटे बोलणे नव्हते. मी बरीच वर्षे यावर विचार केला आहे. तिच्या माहेरी पावसाचे चार थेंब पडले तरी "आभाळ फाटलं" म्हणायची पद्धत होती. दारी आलेल्याला तिची आई "घर भरलंय, पोटभर खावा" म्हणायची. मी स्वतः तिथे जेवलो आहे. भरलेले काही नसायचे, पण उपाशी उठल्यासारखे वाटायचे नाही. वस्तू थोडी असली की तिला शब्द मोठा लावायचा, असे काहीतरी त्या मुलखात असावे. मला ते जमले नाही. मी सैन्यात सिग्नल्समध्ये वायरलेस ऑपरेटर होतो. तिथे संदेशात 'फार' आणि 'खूप' घालत नाहीत. शत्रू 'लय' आला असे कळवून चालत नाही. त्यामुळे मी बोलायच्या आधी शब्द तपासून घेतो, आणि तपासेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

बाळासोने आम्हा दोघांसाठी घरात एक नियम काढला होता. तो जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचा, "वैनीचं चार आणं धरायचं, आन दादाचं सोळा आणं." अंजना त्यावर सर्वांत मोठ्याने हसायची. पुढे मीही तसेच म्हणू लागलो. कोणी तिचे बोलणे ऐकून घाबरले की मी हळूच सांगायचो, "चार आणे धरा." घरातली मुले हेच ऐकत मोठी झाली. वीरधवलही.

४. एकदा मी चार आणे धरायला चुकलो, ते इथे नोंदवतो. लग्नाला वर्ष व्हायचे होते. मी जोधपूरला होतो. गावाहून तार आली, "घर पडले निघून या." तारेत शब्दागणिक पैसे पडतात म्हणून पोस्टमास्तरांनी तिचा 'लय' गाळला, 'सगळं' गाळले, 'आवं' गाळले. उरलेला मजकूर माझ्या खात्यातल्यासारखा दिसत होता, म्हणून मी तो सोळा आणे धरला. रजा मागितली, मिळाली, आणि घरी आलो तर घर उभे. गोठ्याची मागची भिंत पावसाने बसली होती, आणि तीही तिने व बाळासोने मिळून बांधून काढली होती. ती मातीच्या हातांनीच बाहेर आली. मी भिंतीकडे बोट केले. ती म्हणाली, "भिंत गेली म्हंजे घरच गेलं की. आन आता आला न्हवं तुमी?"

परत गेल्यावर सुभेदारसाहेबांनी विचारले, "कितना घर गिरा?" मी सांगितले, "एक दीवार, साहब." ते म्हणाले, "आधा बोल देता, बेवकूफ." त्या वर्षी मला पुन्हा रजा मिळाली नाही. याबद्दल मी अंजनावर बरेच दिवस रागावून होतो. पुढे लक्षात आले की तारेत लिहिता येईल असे दुसरे कारण तिला सापडले नसावे. तो राग या कलमाने संपला असे समजावे.

५. आंबेखोरी येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा, विहिरीतील पाण्याची पाळी व मोटर यांसह, मी वीरधवल बाळासो खोत यास देतो. त्या जमिनीत त्याच्या वडिलांचा घाम गेला आहे, माझा गेलेला नाही. मोटारसायकलही त्यालाच द्यावी. दुधवाल्याची समजूत काढावी.

६. अंजनाच्या साड्या व अंगावरचे किडूकमिडूक तिची बहीण सुलाबाई हिला द्यावे. अंजना गेली त्या दिवशी सुलाबाईने जो आक्रोश केला त्यात ती बहिणीला साक्षात लक्ष्मी म्हणाली आणि मला दगड म्हणाली. पहिल्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. दुसऱ्याबद्दल एवढेच, की मी चारचौघांत रडलो नाही हे खरे आहे, पण ते चारचौघांपुरते खरे आहे. सुलाबाई तिची सख्खी बहीण आहे. तिचेही चार आणेच धरायचे असतात.

मोठी पातेली, परात आणि हंडा गल्लीतल्या महिला मंडळाला द्यावा. चार माणसांच्या स्वयंपाकाला अंजना हीच पातेली काढायची. या भांड्यांच्या बाबतीत तिचे बोलणे आणि करणे सारखेच होते.

७. घराची चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, उत्तरेस बोळ, दक्षिणेस मोकळी जागा, पश्चिमेस श्री. नानासो साळुंखे यांचे घर. नानासोंनी कुंपणाची भिंत बांधली ती माझ्या हद्दीत एक वीत आली आहे. अंजना गल्लीत सांगायची की त्यांनी आमचे अर्धे अंगण गिळले. त्यावरून दोन्ही घरांचे बोलणे बरेच दिवस बंद होते. मी टेप लावून मोजले होते, एक वीतच भरली. नानासो या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने हे कलम मी त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "वीत न्हवं मेजर, चार बोटं." म्हणजे कमी करून सांगणारेही असतात, आणि त्यांना कोणी हसत नाही. ही वीत मी नानासोंना पूर्वीच सोडून दिली आहे. माझ्यामागे कोणी टेप काढू नये.

८. माझी हत्यारे, म्हणजे पक्कड, कटर, सोल्डरिंगची कांडी, मीटर आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा, सृष्टीला द्यावीत. तिने आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आहे. तशीही ती हत्यारे गेली काही वर्षे तिच्याच हातात आहेत.

सृष्टी कोण हे इथे लिहितो. तिचे वडील मल्हार गडदे आटपाडीकडचे. मेंढरे घेऊन दिवाळीनंतर मुलूख फिरायचे, पावसाळ्याला परत यायचे. आई लहानपणीच गेली. ती आयटीआयला असताना वडीलही गेले, मेंढरे चुलत्यांनी वाटून घेतली. आठ वर्षांपूर्वी तिला साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि ती आमच्या मागच्या खोलीत भाड्याने आली. हातात एक पेटी होती आणि बगलेत वडिलांचा फोटो.

अंजना प्रत्येक नव्या भाडेकरूला म्हणायची तेच तिलाही म्हणाली. "आजपासनं हे घर तुजंच. मी कोन इचारनार?" आधीचे भाडेकरू यावर मान डोलवायचे आणि पाण्याची बादलीसुद्धा विचारून भरायचे. सृष्टीला हे गणित माहीत नव्हते. मी संध्याकाळी वायरिंगच्या कामावरून आलो तर पुढच्या खोलीत, माझ्या खुर्चीच्या वरच्या भिंतीला, नवा खिळा होता आणि त्यावर तांबडे पागोटे घातलेला एक अनोळखी माणूस माझ्याकडे बघत होता. मागच्या खोलीला ओल आहे, फोटो खराब होईल, आणि मावशी म्हणाल्या घर तुझंच, म्हणून तिने तो इथे लावला होता. पोरीने सरळ सांगितले. मी अंजनाकडे पाहिले. ती आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होती. मला वाटले, आता ती "अगं, तसं न्हवं" म्हणेल. ती म्हणाली, "मीच म्हनलं हुतं." मग फोटोकडे बघून म्हणाली, "जरा वाकडा हाय. सरळ कर."

लग्नापासून मी अंजनाचे बोलणे ऐकत आलो. तिचे बोलणे पूर्ण धरणारे माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात आले. त्यानंतर एक गोष्ट झाली. सृष्टीशी बोलताना अंजना जपून बोलू लागली. इतरांना शंभर हाका मारणारी बाई तिला सांगायची, "दोनदा हाक मारली गं." मी हे कोणाला बोललो नव्हतो.

९. अंजनाच्या आजाराबद्दल एकच गोष्ट लिहितो, कारण ती पुढच्या कलमाला लागते. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारले की वेदना दहापैकी किती आहे. मला वाटले हजार म्हणेल. जन्मभर तिला डोकेदुखीने मरण आले होते आणि पाठदुखीने तिचे तुकडे झाले होते. ती छताकडे बघत म्हणाली, "आसंल तीन." डॉक्टरांनी तीन लिहायला घेतले. मी त्यांचा हात धरला. मी असे कधी कोणाचा हात धरत नाही. मी म्हणालो, "साहेब, नऊ धरा." त्यांनी तिच्याकडे पाहिले, तिने नाही म्हटले नाही. औषध वाढवले, तेव्हा त्या रात्री तिला झोप लागली.

चार आण्यांचा नियम सगळीकडे चालत नाही, हे मला तिथे कळले. तिच्या बोलण्यात काय वजा करायचे आणि काय मिळवायचे हे तिच्यासमोर बसूनच ठरवावे लागे. आता ती समोर नाही. म्हणून जो कोणी तिच्या जुन्या बोलण्याचा हिशेब आता करू पाहील, त्याने जरा थांबावे.

१०. चैत्रात वीरधवल मला भेटायला आला होता. तो चांगला मुलगा आहे. अंजनाच्या शेवटच्या दिवसांत ऊसतोड सोडून तो इथे राहिला, खांदा त्याने दिला, दहाव्याला सगळे त्याने पाहिले. त्याच्या मुलाला, दिग्विजयला, साताऱ्यात शिकायला ठेवायचे आहे, त्यासाठी घर नीट करून घ्यावे असे त्याच्या मनात होते. त्यात वाईट काही नाही. बोलता बोलता त्याची नजर फोटोवर गेली.

"तात्या, भिंतीला रंग काढूया म्हनतोय. तो खिळाबी काढून टाकू का?"

त्याला माझ्या गप्प बसण्याची सवय आहे, म्हणून तो पुढे बोलला. म्हणाला, "काकी काय, भाजीवालीलाबी लेकच म्हनायची. यष्टीच्या कंडक्टरला ल्योक म्हनायची. म्हनून काय त्यास्नी घरं द्यायची व्हय? तुमीच शिकवलंय आमाला, चार आणं धरा."

त्या दिवशी रविवार होता. सृष्टी आता नोकरीसाठी सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्यात राहते; तिथून ती आली होती आणि आत चहा करत होती. आमच्या घरात आतले बाहेर ऐकू येते. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चहा नव्हता, पक्कड होती. ती वीरधवलला म्हणाली, "काढते दादा. दोन मिनिटांचं काम आहे." तिने फोटो उतरवून खुर्चीवर ठेवला आणि खिळ्याला पक्कड लावली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती.

मी म्हणालो, "राहू दे."

ती थांबली. वीरधवलही थांबला. मग तिने फोटो परत लावला आणि चहा आणला, आणि आम्ही तिघांनी तो घेतला. वीरधवल रागावला नाही. आजही दर आठ दिवसांनी त्याचा फोन येतो. पण त्याने विचारलेला प्रश्न वाजवी होता आणि 'राहू दे' हे त्याचे उत्तर होत नाही. कायद्यात तर नाहीच. उत्तर देतो.

११. तीन वर्षांपूर्वी सृष्टीला खंडाळ्याकडच्या एका कारखान्यात जास्त पगाराची नोकरी मिळाली आणि ती तिकडे खोली घेऊन राहू लागली. श्रावण आला. आमच्या शिराळा भागात पंचमी दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकीला आणायला बापाने किंवा भावाने जायचे, त्याला मुराळी म्हणतात. अंजनाने माझी टोपी काढून ठेवली आणि लाह्यांचा डबा भरला. म्हणाली, "जावा. पोरीला घिऊन या."

मी म्हणालो की मुराळी सासरी जातो, हिचे तर लग्नच झालेले नाही, सासर कुठले?

"कंपनी हाय की. शंभर सासवांची एक सासू हाय ती. तीन पाळ्यांत राबवती. सासुरवास म्हंजी आनि काय असतो?"

मी चार आणे धरले. तरी गेलो. बसमध्ये टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बोगदा ओलांडून खंडाळ्यात उतरलो आणि टोपी पुन्हा घातली. सृष्टी जिथे राहते त्या घराच्या ओट्यावर मालकीण हरणाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारले, "आवं, कोन पायजे?"

मी सृष्टीचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या ती ड्यूटीवरून यायची आहे. मग विचारले, "तुमी कोन तिचं?"

मी शब्द तपासू लागलो. 'घरमालक' बरोबर नव्हते, ती आता आमच्याकडे राहत नव्हती. 'पूर्वीचा घरमालक' बरोबर होते, पण पूर्वीचा घरमालक लाह्या घेऊन येत नाही. 'ओळखीचा' हेही खोटे नव्हते. हरणाबाई वाट बघत होत्या. हातातले सूप त्यांनी खाली ठेवले. मी म्हणालो, "मुराळी आहे. लेकीला न्यायला आलोय."

"मग दारात का हुबं? मुराळ्याला आदी गूळपानी द्याचं असतं," असे म्हणून त्या उठल्या.

हे मी माझ्या तोंडाने बोललो. त्यात वाढवलेले काय आहे ते मी तेव्हाच ओट्यावर बसून तपासले, गूळपाणी पीत. नंतरही तपासले. मला काही सापडले नाही.

गल्लीत ही बातमी पसरली. सृष्टी कारखान्याच्या गेटवर पोचली तेव्हा तिथल्या वॉचमनने तिला सांगितले की तुझे सगळे माहेर आले आहे. ती धावत आली. ओट्यावर मी एकटा होतो. तिने आधी टोपीकडे पाहिले, मग डब्याकडे. वर जाऊन पिशवी भरून आली. परतीच्या बसमध्ये साताऱ्याच्या जवळ आल्यावर म्हणाली, "हरणाबाई म्हणाल्या, तुझे वडील आलेत. मी नाही म्हणाले नाही." मी म्हणालो, "मीपण नाही." मग आम्ही उतरलो.

त्यानंतर दर पंचमीला अंजना मला पाठवत गेली. यंदा पाठवणारे कोणी नव्हते. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, म्हणून पुरणाची दिंडे केली नाहीत, लाह्याही विकतच्या घेतल्या. टोपी मलाच शोधावी लागली, ती तांदळाच्या डब्यामागे होती. गेल्या मंगळवारी पंचमीच्या दिवशी मी पहिल्या बसने खंडाळ्याला गेलो. हरणाबाईंनी मला लांबूनच पाहिले आणि आत हाक मारली, "सृष्टे, मुराळी आला गं." मी दुरुस्ती केली नाही.

१२. माझ्या मरणानंतर गावात किंवा गोडोलीत माझा फ्लेक्स लावू नये. अंजनाच्या वेळी पोरांनी 'आधारवड कोसळला' असे छापले होते. तिला ते आवडले असते, म्हणून मी गप्प बसलो. माझ्या वेळी वड वगैरे लिहू नये. सगळे मला मेजर म्हणतात. मी हवालदार होतो. कुठे छापायचेच झाले तर नाव आणि हुद्दा खरा छापावा. जेवण साधे करावे, पण ते अंजनाच्या मोठ्या पातेल्यांत करावे आणि मगच पातेली मंडळाला द्यावीत.

१३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी चि. वीरधवल याने करावी. हे काम मी मुद्दाम त्याच्याकडे देत आहे. त्याच्या वडिलांनी काढलेला नियम त्याला पूर्ण पाठ आहे, आणि या कामाला तेवढे पुरेसे आहे. बँकेतील शिलकीतून माझ्या दवाखान्याचा व अंत्यविधीचा खर्च जाऊन जे उरेल ते वीरधवल व सृष्टी यांनी निम्मे निम्मे घ्यावे.

१४. आता घर. गोडोली येथील घर, मागच्या खोलीसह, मी माझ्या नोकरीच्या पैशातून बांधलेले आहे. त्यात वडिलोपार्जित काही नाही व त्यावर कोणाचा बोजा नाही. हे घर मी सृष्टी मल्हार गडदे हिला देतो. पुढच्या खोलीतला खिळा आणि त्यावरचा फोटो तिच्या इच्छेशिवाय कोणी हलवू नये. शेजारी अंजनाचा फोटो लावायचा असेल तर नवा खिळा तिने स्वतः ठोकावा. दिग्विजयला साताऱ्यात शिकायला राहायचे असेल तर वीरधवलने सृष्टीला विचारावे. ती नाही म्हणणार नाही. पण विचारावे.

वीरधवल, तुझी काकी सृष्टीला लेक म्हणायची. ती भाजीवालीलाही म्हणायची, हे तुझे बरोबर आहे, आणि तिच्या त्या बोलण्याचे तू चार आणे धरलेस तरी मी वाद घालणार नाही. पण खंडाळ्याच्या ओट्यावर काकी नव्हती. तिथे मी बोललो. माझे किती धरायचे हे तुझ्या वडिलांनी सांगून ठेवले आहे.

म्हणून वरील घर सृष्टीने सोळा आणे मालकीने घ्यावे.

एवढे मी बोललो. वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले आहे. कमी काही नाही, वाढवलेलेही नाही.

सही: नाथाजी रामचंद्र खोत

साक्षीदार: नाथाजी खोत यांनी वरील मजकूर आम्हा दोघांसमोर वाचला व सही केली. त्या वेळी ते शुद्धीवर व स्वस्थ होते. त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही सह्या करीत आहोत. आम्हा दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

(सही) लालासाहेब यशवंत फाळके, निवृत्त नाईक, राहणार गोडोली. मेजरना मी पन्नास वर्षे ओळखतो.

(वरील ओळीत 'पन्नास' च्या जागी 'एकवीस' वाचावे. ना. रा. खोत.)

(सही) नानासो ज्ञानदेव साळुंखे, राहणार गोडोली. कलम ७ मला वाचून दाखवले आहे. वीत मान्य.

ठिकाण: सातारा
दिनांक: ४ ऑगस्ट २०२५